भावाचा साप, अप्पांचे उंदीर

भावाचं सामान घेऊन त्याचा मित्र आमच्या दारात आला, तेव्हा भाऊ इस्पितळात बेशुद्ध होता. चेन्नईच्या टोकाला, शोळिंगनल्लूरला त्याचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं आणि ऑफिसजवळच मित्राबरोबर त्यानं भाड्याचं घर घेतलं होतं. एका सकाळी कामावर जाताना पाण्याच्या टँकरनं त्याच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर रोज एवढंच सांगत, की वाट बघायची. मित्राला कंपनी अमेरिकेला पाठवत होती, घर सोडायचं होतं, म्हणून तो सामान पोचवायला आला होता.

आम्ही शहरात, नुंगंबाक्कमला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीत सगळ्यात वर राहत होतो. वडील, म्हणजे अप्पा, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी बँकेत होते, लग्न व्हायचं होतं. भाऊ माझ्याहून लहान. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलायचो ती मराठी जुनी, निम्मी तमिळ, आणि तिचा सूर तर पूर्ण तमिळच. लग्नानंतर मी नाशिकला आले आणि लिहायची मराठी इथं शिकले. तेव्हाची बोलणी मी आता ह्याच मराठीत लिहिते आहे. तिकडचे एकदोन शब्द मात्र निघता निघत नाहीत.

मित्र सोलापूरचा होता. त्यानं दोन बॅगा आणल्या, कॉम्प्युटर आणला, आणि मग पुन्हा खाली जाऊन चादरीत गुंडाळलेली एक काचेची पेटी दोन्ही हातांनी सांभाळत वर आणली. अम्माला वाटलं, मासे असतील. "आता मासे कोण सांभाळणार?" ती म्हणाली. मित्र चादर काढेना. तो अप्पांकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही आधी बसा."

पेटीत साप होता. मनगटाएवढा जाड, तपकिरी, अंगावर मधाच्या रंगाचे मोठे डाग. डोकं आत लपवून तो दोराच्या गुंड्यासारखा बसला होता. अम्मा किंचाळली नाही. ती भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली.

"विषारी नाही, काकू," मित्र घाईघाईनं सांगू लागला. "आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर आहे. लाजाळू असतो. घाबरला की असा गोळा होतो. आमच्या ऑफिसमधला एक जण देश सोडून गेला, त्यानं ह्याला दिला होता. वर्ष होऊन गेलं."

"ह्याला म्हणजे कुणाला?" अप्पांनी विचारलं. त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

मित्रानं माझ्या भावाचं नाव घेतलं.

दर रविवारी भाऊ घरी यायचा, जेवायचा, आणि ऑफिसचं काम आहे म्हणून उन्हं उतरायच्या आत निघायचा. अम्मा त्याला डब्यात पोडी, म्हणजे डाळीची कोरडी चटणी, भरून द्यायची. तो साप पाळतो हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात अंडंही कधी आलेलं नव्हतं.

मित्र आणखी एकदा खाली गेला आणि प्लॅस्टिकचे दोन मोठे टब घेऊन आला. वर तारेची जाळी बांधलेली, आत लाकडाचा भुसा. भुशात पांढरे उंदीर होते. एका कोपऱ्यात कागदाच्या चिंध्यांचं घरटं होतं आणि त्यात गुलाबी, केस न आलेली, डोळे मिटलेली पिल्लं एकमेकांवर पडून होती.

"आणि हे?" अम्मा म्हणाली.

मित्र म्हणाला, "हे त्याचं खाणं, काकू. बाजारात नेहमी मिळत नाहीत, मिळाले तर आजारी असतात. म्हणून तो घरीच वाढवायचा. बाल्कनीत."

मग त्यानं सांगितलं, की सापासाठी तो दुसरं कुणी बघतोय, एकदोन दिवस लागतील, तोवर ठेवून घ्या. अप्पांनी पेटीकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. "कुणाला देऊ नकोस. तो उठला की विचारेल. तेव्हा काय सांगायचं आम्ही?"

"काका, पण ह्याला खाऊ घालायचं म्हणजे..."

"तो कसं घालायचा ते दाखव."

मित्रानं गच्चीवर नेऊन दाखवलं. जिवंत उंदीर टाकला तर तो कधीकधी सापालाच चावतो, डोळा फोडतो. म्हणून भाऊ आधी उंदीर मारायचा. शेपूट धरायचं, मानेवर काठी दाबायची, एकच झटका. नीट केलं तर उंदराला कळतही नाही, मित्र म्हणाला. मी जिन्याच्या दारात उभी होते. मी पाहिलं नाही. अप्पांची पाठ पाहिली. ती जरासुद्धा हलली नाही.

खाली आल्यावर मी म्हटलं, "अप्पा, मी करीन. नाहीतर आलटून पालटून करू."

"नाही," ते म्हणाले. "पाप असेल तर ते एकाच हातानं होऊ दे. घरात वाटायला नको."

मुंजीपासून अप्पा रोज शाळिग्रामाची पूजा करत आले होते. त्यांच्या आजोबांचा शाळिग्राम होता तो. त्याच आठवड्यात ते कुंभकोणमला गेले आणि तो आपल्या चुलतभावाकडे सोपवून आले. काय सांगून दिला ते आम्हाला कळलं नाही. पुढे तो त्यांनी परत मागितला नाही. देवापुढे दिवा अम्मा लावू लागली आणि अप्पा त्या वेळी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे.

अम्मानं टब घरात येऊ दिले नाहीत. ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, दोन लाकडी फळ्यांवर ठेवले. सापाची पेटी भावाच्या खोलीत गेली आणि त्या खोलीचं दार लागलं. उंदरांना हात लावला की अप्पांनी गच्चीवरच आंघोळ करायची, धोतर बदलायचं, मग खाली यायचं, असं ठरलं. अम्मा तेव्हा त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. एकदा मला म्हणाली, "पोरगा तिथे मरणाशी झगडतोय आणि हे इथे जीव मारतायत. देव कुठलं बघेल?"

अप्पांना उंदीर वाढवणं लवकरच जमलं. वखारीतून भुसा आणायचा, उन्हात पसरून किडे काढायचे. गव्हाचा भरडा, नाचणी, भिजवलेले कुळीथ. पाणी नळीच्या बाटलीनं, कारण वाटीतलं पाणी ते भुशानं भरून टाकतात. भुसा वेळेवर बदलला नाही तर इतका उग्र वास सुटे, की डोळ्यांतून पाणी येई. एका टबात एकच नर ठेवायचा, दोन झाले तर रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात. पिल्लं झाल्या झाल्या मादीला छेडायचं नाही, नाहीतर घाबरून ती आपलीच पिल्लं खाते. हे त्यांना एकदा बघावं लागलं. त्या दिवशी ते खाली आले, आंघोळ केली आणि न जेवता झोपले.

साप आठदहा दिवसांनी एकदा खायचा. मारलेला उंदीर अप्पा लांब चिमट्यात धरून पेटीत नेत. साप आधी स्थिर असायचा, जीभ तेवढी आत-बाहेर. मग डोळ्याला दिसायच्या आत झडप. उंदीर मेलेला असूनही तो त्याला विळखा घालून आवळून धरायचा, जणू अजून मारायचा आहे. मी दारातून एकदा पाहिलं, पुन्हा बघायला गेले नाही. अप्पा मात्र त्याचं गिळणं पूर्ण होईपर्यंत खोलीत थांबत. "एकट्यानं जेवायला लावू नये कुणाला," असं म्हणाले होते. ते गमतीनं बोलत नव्हते.

इस्पितळात संध्याकाळी मला आणि अप्पांना भेटायची परवानगी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच्याशी बोलत राहा, ऐकू येत असेल. मी बोलायचा प्रयत्न करायची आणि दोन वाक्यांत रडू यायचं. अप्पांचं आणि भावाचं तर आधीपासूनच बोलणं कमी. 'जेवलास का', 'पगार झाला का', एवढंच. पहिले काही दिवस अप्पा नुसते त्याच्या पायाशी उभे राहायचे. साप घरी आल्यावर त्यांना बोलायला विषय मिळाला.

"आज खाल्लं त्यानं," ते त्याच्या कानाशी वाकून सांगू लागले. "आधी तोंड फिरवलं. मी म्हटलं, अरे, घे. मग घेतलं. गच्चीवरच्या टबातल्या मादीला पिल्लं झाली. तू कागद घालायचास ना घरट्याला, मी जुनी धोतरं फाडून घालतो. ती कागद सोडते आणि धोतर घेते." भावाच्या नाकात नळी होती, डोळे अर्धवट मिटलेले. मशीनचा आवाज तेवढा यायचा. अप्पा सांगतच राहायचे. सापाचे डोळे निळसर, दुधाळ झाले तेव्हा ते घाबरले होते, आंधळा झाला म्हणून. मग मित्रानं अमेरिकेतून फोनवर सांगितलं, की कात टाकायच्या आधी असंच होतं. कात निघाली तेव्हा तिचा एक तुकडा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून इस्पितळात नेला आणि भावाच्या तळहातावर ठेवला. नर्सनं पाहिलं आणि त्याचा हात स्पिरिटनं पुसून घेतला.

मे महिन्यात अग्निनक्षत्राचे दिवस आले. चेन्नईत त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. एका दुपारी मला बँकेतून लवकर सुटी मिळाली. घरी आले तर अम्मा दिसेना. न्हाणीघराचं दार उघडं होतं. आत ओल्या लाल फरशीवर दोन्ही टब ठेवलेले होते, वर भिजवलेलं गोणपाट, आणि अम्मा चौरंगावर बसून ताडाच्या पंख्यानं वारा घालत होती. वीज गेलेली होती. तिचं नऊवारी लुगडं घोट्यापर्यंत ओलं झालं होतं.

"कपडे वाळत घालायला वर गेले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सगळे आडवे पडले होते. तोंडं उघडी. एक मादी पिल्लांवर पडून होती, ती गेली. पिल्लं तिच्याखाली जिवंत होती."

"अम्मा, तू हात लावलास?"

"मग कशानं उचलू?" ती म्हणाली. "पाव्वम, बिचारे. गळा दाबून मेला तरी पाप, उकडून मेला तरी पाप. कुठलं-कुठलं मोजत बसू? त्या पोरक्या पिल्लांना दुसऱ्या मादीजवळ सरकवलं, तिनं घेतलं."

अप्पा इस्पितळातून आले तेव्हा ती अजून तिथेच होती. ते दारात थांबले. तिनं त्यांच्याकडे पंखा दिला आणि उठून कॉफी करायला गेली. त्या दिवसापासून उन्हाळा संपेपर्यंत उंदीर न्हाणीघरातच राहिले. आम्ही आंघोळीला खालच्या मजल्यावर, घरमालकिणीकडे जायचो. तिला आम्ही नळ बिघडलाय असं सांगितलं होतं. तिनंही कधी खोलात विचारलं नाही.

भाऊ शुद्धीवर आला तो हळूहळू. आधी डोळे उघडले, पण नजर कुठेच नव्हती. मग नजर आमच्या मागे फिरू लागली. मग हात दाबला की तो दाबायचा. उजवी बाजू लुळी होती. बोलणं गेलं होतं, ते एकेक शब्दानं परत येऊ लागलं. पहिला शब्द 'तण्णी' होता, पाणी. दुसऱ्या एका ठिकाणी व्यायामासाठी ठेवावं लागलं. अप्पा तिथेही रोज जात आणि सापाची हकीगत सांगत. भाऊ ऐकून घ्यायचा. डोळे मिटायचा. अप्पा म्हणायचे, थकलाय.

नवरात्रात त्याला घरी आणलं. अम्मानं गोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, शेजारच्या बायका येऊन गेल्या होत्या. भाऊ काठी टेकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून आत आला आणि बाहुल्यांकडे बघत उभा राहिला. अप्पांना धीर नव्हता. चप्पल काढल्या काढल्या ते म्हणाले, "चल, आधी तुझ्या खोलीत."

खोली त्यांनी स्वतः पुसली होती. पेटीची काच चकचकीत होती. आत नवीन पाणी, नवीन वाळकी पानं. अप्पांनी झाकण सरकवलं, दोन्ही हात घालून सापाला उचललं. एवढ्या महिन्यांत ते त्याला उचलायलाही शिकले होते. साप त्यांच्या मनगटाभोवती फिरत होता, ओळखीच्या जागी फिरावं तसा. "बघ," ते म्हणाले. "वाढला ना? जसा होता तसा ठेवलाय."

भाऊ मागे सरकला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "काय आहे?"

"तुझा साप, बाळा."

"नाही." तो शब्द शोधत होता. "माझा... नाही. घालव."

"अरे, तू पाळला होतास. शोळिंगनल्लूरला. ऑफिसमधल्या एकानं दिला तुला, आठव जरा..."

"घालव!" तो ओरडला, आणि तोल जाऊन माझ्या अंगावर आला. मी त्याला कसंबसं खाटेवर बसवलं. अप्पांनी सापाला परत पेटीत सोडलं, झाकण लावलं, कुलूप घातलं. मग पेटी उचलून बाहेरच्या खोलीत नेली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. सगळं झाल्यावर ते नळाखाली हात धुवत उभे राहिले. पाणी बराच वेळ वाहत होतं. अम्मानं जाऊन नळ बंद केला.

डॉक्टर म्हणाले, अपघाताआधीची दोनतीन वर्षं कदाचित परत येणार नाहीत. लहानपणचं आठवेल, शाळा आठवेल. तसंच झालं. त्याला अम्माच्या हातचा आमटीभात आठवत होता, शाळेतला बाक आठवत होता, नोकरी आठवत नव्हती. मित्राचा फोन आला की तो मला खूण करून विचारायचा, हा कोण?

अप्पा तरीही सापाला सांभाळतच राहिले. मला वाटलं होतं, आता ते त्याला कुणाला तरी देतील. तसं काही दिसेना. उलट ते भावाला थोडं थोडं आठवून द्यायचा प्रयत्न करत. जेवताना विषय काढत. भाऊ ताट सरकवायचा.

दिवाळीनंतर, तिकडच्या पावसाला उघडीप मिळाली तेव्हा, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला उन्हात बसवायला सांगितलं. मी सकाळी त्याला धरून गच्चीवर नेऊ लागले. टब तोवर परत वर गेले होते. पहिल्या दिवशी तो खुर्चीवर बसला आणि जाळीतून बघत राहिला. नुकते डोळे उघडलेली पिल्लं भुशातून डोकी वर काढत होती, एकमेकांवर चढून घसरत होती. माझ्या मागून एक आवाज आला. मी वळले. भाऊ हसत होता. अपघातानंतर तो पहिल्यांदा हसला होता.

मग रोजचं झालं. बाईंनी सांगितलं, बोटांना काम द्या. नाचणीचा एकेक दाणा चिमटीत धरून जाळीतून आत टाकायचा. आधी दाणे सगळे खाली सांडायचे. तो चिडायचा, रडायचा, पुन्हा धरायचा. उंदीर जाळीपाशी उभे राहून पुढचे पाय वर करायचे. थंडीपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं त्याचं ऐकू लागली. तो त्यांच्याशी बोलायचा, आणि आमच्याशी बोलताना अडणारे शब्द तिथे अडायचे नाहीत. त्यांच्यातला एकेक त्याला वेगळा ओळखू यायचा. एक मादी होती, तिचा कान फाटलेला होता. ती सगळ्यात आधी पुढे यायची.

एका सकाळी ती नव्हती.

"कान फाटकी कुठे?" त्यानं मला विचारलं. मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी सापाच्या जेवणाचा दिवस होता आणि अप्पांची नजर आता तितकी राहिली नव्हती. सारख्या दिसणाऱ्यांतून हाताला लागली ती त्यांनी घेतली होती. मी म्हटलं, असेल भुशात. त्यानं संबंध भुसा उपसायला लावला. मग तो भिंत धरत खाली आला आणि अप्पांपुढे उभा राहिला.

"ती कुठे गेली?"

अम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेली असेल, बाळा. उंदीर किती जगतो?"

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "सापाला दिली," ते म्हणाले. "मी मारली. माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही तुझ्याशी."

भाऊ रागावला नाही. त्यानं पेटीकडे पाहिलं, मग अप्पांच्या हातांकडे. आणि जिना न चढता आपल्या खोलीत गेला. पुढचे कित्येक दिवस तो गच्चीवर आला नाही, बोटांचा व्यायाम केला नाही, विचारलं तर नुसती मान हलवायचा. बाई म्हणाल्या, मिळवलेलं सगळं जाईल.

मार्गळी महिना, म्हणजे तिकडचा धनुर्मास, लागला होता, पहाटे देवळातून गाणी ऐकू येत होती. आणि त्याच सुमाराला सापानं खाणं सोडलं. चिमटा पुढे केला की तो मान वळवून गुंडाळून घ्यायचा. अप्पा आठवड्यामागून आठवडे प्रयत्न करत राहिले. मित्राचा निरोप आला, की थंडीत ही जात काही महिने उपाशी राहते, काळजी करू नका. अप्पांना ते पटेना. ते खुर्ची पेटीजवळ ओढून बसत. एका संध्याकाळी ते काचेवर बोट ठेवून हळू आवाजात त्याला काहीतरी सांगत होते, आणि तो सूर मी ओळखला. इस्पितळात खाटेशी वाकून ते असेच बोलायचे.

अम्मानंही ऐकलं. ती भाजी चिरत होती. विळी आडवी करून ती उठली, पदराला हात पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "हे आता पुरे," ती म्हणाली.

"उपाशी आहे तो."

"तो नव्हे. तुम्ही ह्या पेटीत ज्याला जपताय ना, तो गेला. त्या सकाळी मोटरसायकलवर बसून गेला तो परत यायचा नाही. मी पण रडले त्याच्यासाठी, न्हाणीघरात नळ सोडून रडले. पण हा आलाय. हा उंदरांवर जीव लावणारा. ह्याच्याकडे बघा."

अप्पांचं बोट काचेवरच होतं. ते म्हणाले, "ह्या सापाला देऊन टाकलं, तर मग त्याचं म्हणून काय उरलं?"

"काय उरायचंय?" अम्मा म्हणाली. "हा उरलाय."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः मित्राला फोन केला. त्याच्या ओळखीनं एक बाई आल्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, घरी असे दोनचार साप होते. जाड कापडाची पिशवी घेऊन आल्या होत्या. त्यांनी सापाला हातात घेतलं, तोंड उघडून पाहिलं, पोटावरून बोट फिरवलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "सर, तब्येत छान आहे. कोण सांभाळायचं ह्याला?"

"मुलगा," अप्पा म्हणाले. मग थांबून, "आणि मी."

त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. डावीकडून चिमटा नेला तर घेतो. पाण्याचं भांडं जड हवं, नाहीतर उलटतो. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नका. खाताना खोलीत कुणीतरी असू द्या. बाई ऐकून घेत होत्या, त्यांना ह्यातलं बरंचसं माहीत असणार, पण त्यांनी एकदाही तोडलं नाही. भाऊ आपल्या खोलीच्या दारात उभा होता. बाई पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा तो बाजूला सरकला, त्यांना वाट देण्यासाठी. अप्पा खालपर्यंत सोडायला गेले. ऑटो गेल्यावरही त्यांनी वर यायला वेळ लावला.

बाईंनी उंदीरही मागितले होते. अप्पांनी भावाकडे पाहिलं आणि 'नाही' म्हटलं.

नर एका टबात ठेवता येईनात, म्हणून अप्पांनी वखारीतून फळ्या आणून प्रत्येकाला वेगळा कप्पा करून दिला. माद्या एकत्र. त्यानंतर पिल्लं झाली नाहीत. आधी काही दिवस भाऊ एकटाच गच्चीवर जायचा आणि अप्पा वर आले की उठून खाली यायचा. अप्पा समजून असायचे, दाणे ठेवून निघून जायचे. पोंगलनंतर कधीतरी मी कपडे काढायला वर गेले, तर दोघं टबाच्या दोन बाजूंना बसून भुसा बदलत होते. भाऊ उंदीर उचलून अप्पांच्या ओंजळीत देत होता, आणि अप्पा ती ओंजळ छातीशी धरून बसले होते, भुसा घालून होईपर्यंत.

पांढरे उंदीर दीडदोन वर्षांपेक्षा जास्त जगत नाहीत. एकेक करत ते म्हातारे झाले, अंगावरचे केस विरळ झाले, आणि गेले. इमारतीच्या मागे एक नारळ होता, त्याच्या मुळाशी भाऊ डाव्या हातानं खड्डा करायचा. शेवटची मादी गेली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. त्यानं टब धुतले, उन्हात वाळवले आणि भंगारवाल्याला देऊन टाकले. आता दुसरं काही आणायचं का, मी विचारलं. कुत्रा, पोपट? तो म्हणाला, "नको, अक्का. आता जरा बाहेर जाईन म्हणतो."

जूनमध्ये एका शाळेच्या ग्रंथालयात त्याला काम मिळालं. पुस्तकांवर शिक्के मारायचे, फाटलेली पानं चिकटवायची. नुंगंबाक्कमहून लोकलनं थोडंच लांब होतं. पहिल्या दिवशी अम्मानं दहीभात आणि आवळ्याचं लोणचं डब्यात दिलं. आम्ही तिघं दिवसभर घरात काही ना काही काम काढून करत राहिलो. संध्याकाळी तो आला, चप्पल काढली, डबा अम्माच्या हातात दिला. तिनं झाकण उघडून पाहिलं. डबा रिकामा होता, आणि त्यानं तो धुऊन आणला होता.